जेलवर न दिसणारी पट्टी, आणि आपले कुळीथ

हेडफोन लावा, आवाज जरा वाढवा. आजचा भाग लॅबमधला आहे, पण घाबरू नका. लॅबमधून निघून आपण शेवटी कुळथाच्या पिठल्यापर्यंत, फणसाच्या आठळ्यांपर्यंत आणि तुमच्या खिशातल्या रक्तगटाच्या कार्डापर्यंत जाणार आहोत.

आजचा प्रश्न जव्हारहून आलाय. बीएस्सी करणारी एक श्रोती लिहिते: "ताई, प्रॅक्टिकलला आम्ही जेल चालवलं. नमुन्यात एक प्रोटीन नक्की आहे, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. निळा रंग दिला. बाकीच्या पट्ट्या छान आल्या, पण नेमकी तीच पट्टी आली नाही. नमुना खराब होता, की आमच्या हाताने काही बिघडलं?"

प्रश्न एकदम भारी आहे. कारण तिने दोनच शक्यता धरल्यात, नमुना खराब किंवा हात खराब. तिसरी शक्यता अशी, की नमुना चांगला, हात चांगला, प्रोटीनही जागेवर आहे, फक्त त्या प्रोटीनला तो निळा रंग लागतच नाही. आजचा सगळा भाग या तिसऱ्या शक्यतेवर.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी माझी ओळख. मी मूळची मोखाड्याची, बीटेक कम्प्युटर, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. जेलच्या फोटोतल्या पट्ट्या ओळखायच्या आणि मोजायच्या, असला कोड मी लिहिते. म्हणजे मी बायोलॉजीवाली नाही, पण पट्ट्या रोज बघते. आणि रोज पट्ट्या बघणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: कॅमेरा प्रोटीनचा फोटो काढत नाही, रंगाचा काढतो.

जेल म्हणजे काय, दोन मिनिटांत

मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणारा घाट आठवा. त्याच वळणांवरून बाइकही जाते आणि मालाने भरलेला ट्रकही जातो. एकाच वेळी सोडलं तर अर्ध्या तासाने बाइक पुढे, जीप मधे, ट्रक मागे. जेलमध्ये नेमकं हेच होतं. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड नावाच्या पदार्थाचं पारदर्शक, खरवसासारखं थलथलीत जाळं असतं. त्याच्या वरच्या टोकाला बारीक खळगे असतात, त्यात नमुना भरायचा. त्याआधी प्रोटीनला एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनात उकळायचं. त्याने प्रोटीनच्या गुंडाळ्या उलगडतात आणि प्रत्येकावर ऋण विद्युतभार चढतो. मग वीज सुरू केली की सगळी प्रोटीनं धन टोकाकडे पळतात. लहान पुढे, मोठी मागे. लॅमली नावाच्या शास्त्रज्ञाने ही पद्धत १९७० मध्ये आजच्या रूपात बसवली आणि अजून जगभर तीच चालते.

पण शर्यत संपली तरी जेल काचेसारखंच दिसतं. प्रोटीनला स्वतःचा रंग नसतो, म्हणून रंग द्यावा लागतो. सगळ्यात नेहमीचा रंग म्हणजे कुमासी ब्लू. हे नाव घानामधल्या कुमासी शहरावरून आलं. मुळात हा लोकर रंगवायचा रंग, प्रोटीनसाठी तो १९६३ पासून वापरात आला. लोकर हेसुद्धा प्रोटीनच, त्यामुळे त्यात नवल नाही. हा रंग प्रोटीनच्या साखळीतल्या ठरावीक घटकांना पकडतो, मुख्यतः आर्जिनिन आणि लायसिनसारख्या धन भाराच्या अमिनो आम्लांना.

आता गोम इथेच आहे.

साखरेची झाडं

आपल्या शरीरातली बरीच प्रोटीनं नुसती प्रोटीनं नसतात. त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. चहातली साखर नव्हे हं. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, सियालिक आम्ल अशी बरीच मंडळी. या साखळ्यांना फांद्या फुटतात, म्हणून चित्रात त्या झाडासारख्या दिसतात. अशी साखर असलेल्या प्रोटीनला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. पेशींच्या बाहेरच्या अंगाला तर यांचीच दाटी.

उदाहरण तुमच्या रक्तातलंच घेऊ. लाल पेशीच्या आवरणात ग्लायकोफोरिन ए नावाचं प्रोटीन असतं. साखळी लहानशी, १३१ अमिनो आम्लांची. पण त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग निव्वळ साखर. एका लाल पेशीवर याच्या लाखो प्रती असतात. म्हणजे प्रोटीन मुबलक आहे. तरी लाल पेशीच्या आवरणाचं जेल चालवून कुमासी दिलात, तर ग्लायकोफोरिन जवळजवळ दिसतच नाही. साखरेच्या दाट झाडोऱ्यात मधली साखळी झाकली जाते. शिवाय सियालिक आम्लाचा ऋण भार रंगाच्या रेणूलाही दूर ठेवतो.

दुसरी अडचण अशी, की साखर असलेलं प्रोटीन शर्यतीतही सरळ पळत नाही. साखरेच्या भागाला एसडीएस नीट चिकटत नाही, त्यामुळे भार कमी चढतो आणि प्रोटीन मागे रेंगाळतं. जेलवरचा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त येतो. आणि एकाच प्रोटीनच्या प्रत्येक प्रतीवर साखर थोडी कमीजास्त असते, म्हणून रेघ ठसठशीत न येता फिस्कटल्यासारखी येते. माझ्या सॉफ्टवेअरची सगळ्यात जास्त दमछाक याच फिस्कटलेल्या पट्ट्यांवर होते. कडा कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे ठरवायचं कसं?

मग साखरेलाच रंगवा

उपाय जुनाच आहे, आणि सुंदर आहे. प्रोटीनला रंग लागत नाही ना? मग साखरेला लावा.

या पद्धतीचं नाव पास, म्हणजे पिरिऑडिक अ‍ॅसिड आणि शिफ. साखरेच्या रेणूत शेजारशेजारच्या दोन कार्बनवर ओएच गट असतात. पिरिऑडिक आम्ल नेमकं त्या दोघांमधलं बंध तोडतं आणि तिथे अल्डिहाइड तयार होतात. मग येतं शिफचं द्रावण. फुक्सिन नावाचा गडद रंग सल्फाइटने बिनरंगी करून हे द्रावण बनवतात. अल्डिहाइड भेटलं की ते पुन्हा रंग धरतं, झकास किरमिजी. ह्यूगो शिफने हे रसायन १८६६ मध्ये दिलं. मॅकमॅनसने १९४६ मध्ये पिरिऑडिक आम्लाची जोड देऊन ते सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींसाठी वापरलं. आणि १९६९ मध्ये झकेरियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते जेलवर आणलं.

प्रोटीनच्या मूळ साखळीत अशी शेजारशेजारची ओएच जोडी सहसा नसते. म्हणून साधं प्रोटीन कोरं राहतं आणि साखरवालं किरमिजी होतं.

कृती थोडक्यात सांगते, प्रॅक्टिकलवाल्यांनी लक्ष द्या. जेल आधी मिथेनॉलच्या द्रावणात साधारण ३० मिनिटं ठेवून प्रोटीन जागच्या जागी पक्कं करायचं. पातळ असेटिक आम्लाने धुवायचं. पिरिऑडिक आम्लात १५ एक मिनिटं. पुन्हा धुवायचं, आणि हे धुणं अगदी मनापासून करायचं, कारण आम्ल उरलं तर सगळं जेल गुलाबी होतं. मग शिफचं द्रावण. शेवटी मेटाबायसल्फाइटने क्षपण, म्हणजे रंग टिकतो आणि पाठ स्वच्छ होते. फोटो लगेच काढायचा. आणि त्याच जेलला नंतर कुमासीही द्यायचा असेल, तर क्रम लक्षात ठेवा: साखरेचा रंग आधी, फोटो, मग कुमासी, पुन्हा फोटो.

दोन खळगे मात्र कधीही वगळायचे नाहीत. एकात नक्की साखर असलेलं प्रोटीन, नेहमी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज वापरतात. दुसऱ्यात नक्की साखर नसलेलं, त्यासाठी सोयाबीनचं ट्रिप्सिन इनहिबिटर. पहिलं रंगलं पाहिजे, दुसरं कोरं राहिलं पाहिजे. आम्ही कोडमध्ये टेस्ट केस लिहितो तेच हे. दोन्ही बरोबर आले तरच मधल्या खळग्यांबद्दल तोंड उघडायचं. नाहीतर नुसतं रंगकाम.

आता लाल पेशीचं आवरण या रंगात घाला. कुमासीत गायब असलेलं ग्लायकोफोरिन इथे ठळक उठून येतं. १९७१ मध्ये फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलक यांनी दोन्ही रंगांनी या आवरणाचा नकाशा काढला. तेव्हापासून कुमासीतल्या पट्ट्यांना नुसते क्रमांक, आणि साखरेच्या रंगात दिसणाऱ्यांना पास-१, पास-२ अशी नावं. विचार करा, पट्टीचं नावच रंगावरून पडलं! कारण तो रंग नसता तर ती दिसलीच नसती.

हल्ली चमकणारे रंगही मिळतात. तत्त्व तेच, फक्त शिफच्या जागी फ्लुओरोसंट रेणू, त्यामुळे नॅनोग्रॅमइतकं प्रोटीनसुद्धा पकडता येतं. पण महाग असतात, आणि फोटोसाठी अतिनील दिवा लागतो. शिकायला साधं पास भरपूर झालं.

तर जव्हारच्या मैत्रिणी, तुझ्या सरांना विचार, की ते प्रोटीन साखरवालं होतं का. असेल तर पुढच्या वेळी किरमिजी रंग देऊन बघा.

कोणती साखर? इथे येतात कुळीथ

पास एवढंच सांगतं, की इथे साखर आहे. कोणती आहे, हे सांगत नाही. त्यासाठी काय करायचं?

जेलवरची प्रोटीनं एका पातळ कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायची. टिपकागदाने शाई टिपतो ना, तसं, पण विजेच्या जोरावर. याला ब्लॉट म्हणतात. प्रोटीनसाठी ही युक्ती टॉबिनच्या गटाने १९७९ मध्ये मांडली. जेल ठिसूळ असतं, पडदा टिकाऊ. आणि पडद्यावर प्रोटीन उघडं पडलेलं असतं, त्यामुळे त्याला काहीही भेटवता येतं.

साखर ओळखायला भेटवायचं कोणाला? तर लेक्टिनांना. लेक्टिन ही साखर पकडणारी प्रोटीनं. प्रत्येकाची आवड वेगळी, एखाद्या कुलपाला एखादीच किल्ली लागावी तशी. आणि यातली कितीतरी बियांमध्ये सापडतात. नावं ऐका, स्वयंपाकघराची यादी वाटेल.

अबईच्या शेंगा माहितीयेत? तिच्याच कुळातल्या जॅक बीनमधून कॉन-ए मिळतं, ते मॅनोज पकडतं. फणसाच्या आठळ्यांमधून जॅकलिन, ते गॅलॅक्टोजवाल्या साखळ्या पकडतं. भुईमुगातून एक, गव्हाच्या अंकुरातून एक. एरंडाच्या बीमधून तर पहिलंवहिलं. १८८८ मध्ये स्टिलमार्कने पाहिलं, की एरंडाच्या अर्काने लाल पेशींच्या गुठळ्या होतात. लेक्टिनांचा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला. (एरंडाच्या बिया विषारी आहेत, खेळायला जाऊ नका.)

आणि कुळीथ! देशावर ज्यांना हुलगे म्हणतात, आपल्याकडे ज्यांचं पिठलं होतं, तेच. कुळथातलं लेक्टिन एन-असिटिल गॅलॅक्टोसामाइन नावाची साखर पकडतं. नाव मोठं आहे, पण लक्षात ठेवा, पाच मिनिटांत पुन्हा येणार आहे. जगातल्या कुठल्याही मोठ्या लॅब-साहित्याच्या कॅटलॉगमध्ये डीबीए नावाची बाटली दिसेल. डॉलिकॉस बायफ्लोरस अ‍ॅग्लुटिनिन. डॉलिकॉस बायफ्लोरस म्हणजे कुळथाचं जुनं शास्त्रीय नाव.

प्रॅक्टिकलवाल्यांसाठी दोन सूचना. पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला साध्या ब्लॉटमध्ये दूध पावडर वापरतात. लेक्टिनच्या ब्लॉटमध्ये दूध वापरू नका. दुधातच साखरवाली प्रोटीनं असतात, लेक्टिन त्यांनाच जाऊन चिकटतं आणि सगळा पडदा काळा होतो. दुसरी सूचना, एक पट्टी वेगळी ठेवून तिच्यावर लेक्टिनसोबत त्याची आवडती साखर मुबलक घाला. पट्टी नाहीशी झाली, तर पकड खरी होती. तरीही राहिली, तर लेक्टिन उगाचच चिकटलंय.

आता तुमच्या खिशातलं कार्ड

१९५१ मध्ये करंट सायन्स या भारतीय मासिकात एक छोटं टिपण आलं. लेखक जी. डब्ल्यू. जी. बर्ड. हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात त्यांनी काम केलं. टिपणाचा विषय होता, कुळथाचा अर्क माणसाच्या ठरावीक लाल पेशींच्याच गुठळ्या करतो. कोणत्या? ए रक्तगटाच्या. त्यातही अर्क योग्य तेवढा पातळ केला तर फक्त ए-वन या पोटगटाच्या. आजही रक्तपेढीत ए-वन आणि ए-टू वेगळे करायला कुळथाचंच लेक्टिन वापरतात.

का बरं? कारण रक्तगट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, लाल पेशीवरच्या साखरेच्या झाडाचा शेंडा आहे. काही झाडं प्रोटीनवर असतात, काही चरबीच्या रेणूंवर. शेंड्याला आधी फ्युकोज नावाची साखर लागते. तिथवर जे झालं त्याला एच म्हणतात. एचच्या वर एन-असिटिल गॅलॅक्टोसामाइन (आलं बघा!) लागली की गट ए. गॅलॅक्टोज लागली की बी. दोन्ही असतील तर एबी. काहीच लागली नाही, नुसता एच राहिला, तर ओ. एका साखरेचा फरक आणि माणसांचे गट वेगळे.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये तीन माणसांचं रक्त वर्णन केलं. तपासणीत ए नाही, बी नाही. म्हणजे ओ, असं कोणीही म्हणेल. पण त्यांच्या रक्तद्रवाने ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या केल्या! याचा अर्थ, ओ रक्तात असलेलं काहीतरी यांच्यात नव्हतं. ते काहीतरी म्हणजे एच. फ्युकोज जोडणारा जीनच निकामी. पाया नाही, मग ए किंवा बीची वीट ठेवणार कशावर? हाच तो बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाला असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याला.

यात जिवाचा प्रश्न आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्त चालत नाही. दिलं तर त्याचं शरीर त्या पेशी फोडून टाकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आणि बोटाला टोचून, काचेवर दोन थेंब टाकून जी झटपट तपासणी शिबिरात होते, तिच्यात तो ओच दिसतो. त्या तपासणीत ए आणि बी यांचाच रंग आहे, एचचा नाही. माझ्या जव्हारच्या मैत्रिणीच्या निळ्या जेलसारखंच झालं हे.

घाबरायचं नाही. रक्तपेढीत पेशींसोबत रक्तद्रवाचीही उलटी तपासणी होते, आणि रक्त चढवण्याआधी दात्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताची जुळणी होते. बॉम्बे गट तिथे पकडला जातो. खात्रीसाठी एच ओळखणारं लेक्टिन असतं, तेही युलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांमधून येतं. पण पकडला जाणं वेगळं आणि रक्त मिळणं वेगळं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोनला बाळंतीण आली, पावसाने घाटातला रस्ता अडलेला, आणि तेव्हा कळलं की हिला नाशिक, ठाणे, मुंबईत शोधूनही लवकर न मिळणारा गट आहे, तर? आधी माहीत असलं तर नाव नोंदवता येतं, दाता आधीच शोधता येतो, प्रसूती कुठे करायची हे ठरवता येतं. माहिती आधी मिळाली की वेळ मिळतो, आणि आपल्या भागात वेळ म्हणजेच जीव.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, कार्डावर ओ असेल आणि तपासणी फक्त काचेवरची असेल, तर पुढच्या वेळी रक्तदान करा. रक्तपेढी पूर्ण तपासणी करते, तुमचंही कळतं आणि कोणाला तरी रक्तही मिळतं. दोन, घरात कोणाचा बॉम्बे गट निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. आईवडील दोघांकडून निकामी जीन आला तरच हा गट होतो, त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाची शक्यता साधारण चारात एक. बाहेर हजारो माणसं शोधण्यापेक्षा घरात शोधणं सोपं. तीन, अवघड गटाबद्दल शंका असेल तर मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आयसीएमआरची. डॉक्टरांना सांगून नमुना तिथे पाठवता येतो.

सिकलसेलचं काय?

हा प्रश्न येणारच, कारण आपल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांत सिकलसेलची तपासणी हा रोजचा विषय आहे. एक गोष्ट स्पष्ट करते. सिकलसेलचा साखरेच्या झाडाशी संबंध नाही. तो हिमोग्लोबिनमधला बदल आहे, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. पण तो कळला जेलसारख्याच शर्यतीतून. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सिकलसेलचं हिमोग्लोबिन विजेत वेगळ्या वेगाने पळतं. एक ऋण भार कमी, म्हणून धन टोकाकडे जाताना मागे राहतं.

आणि इथेही तीच गंमत आहे. शिबिरातली साधी सोल्युबिलिटी चाचणी सांगते, की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक ठणठणीत जगतो, फक्त जोडीदारही वाहक असेल तर मुलाचा विचार करावा लागतो. म्हणून 'पॉझिटिव्ह' एवढ्या एका शब्दावर कोणाचं लग्न मोडू नका. दुसरी तपासणी झाली का, हे आधी विचारा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, ही तपासणी त्यात होते.

जाता जाता एक दुवा. जंगलपट्ट्यात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्यांचा. सिकलसेलच्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून हा जीन टिकून राहिला. आणि मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी लाल पेशीत शिरायला कोणाला पकडतो? बऱ्याचदा ग्लायकोफोरिन ए वरच्या सियालिक आम्लाला! परजीवीच्या ज्या प्रोटीनने ही पकड होते, त्याचं नाव ईबीए-१७५. नावातला १७५ म्हणजे किलोडाल्टनमधलं वजन. म्हणजे कुमासीला न दिसणारी ती पट्टी परजीवीला मात्र नेमकी सापडते.

'नाही' आणि 'दिसलं नाही'

शेवटी माझ्या धंद्याची गोष्ट. डेटाबेसमध्ये शून्य आणि रिकामं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. नवीन मुलं टीममध्ये आली की पहिल्या आठवड्यात हे शिकतात, कारण दोन्ही एक धरलं की सगळे आकडे खोटे पडतात.

लॅबमध्ये तेच. पट्टी दिसली नाही, तर वहीत 'प्रोटीन नाही' लिहू नका. 'कुमासीत दिसलं नाही, पास केलं नाही' असं लिहा. दवाखान्यातही तेच. रजिस्टरमध्ये, आश्रमशाळेच्या आरोग्य कार्डावर, तीन पर्याय हवेत: आहे, नाही, तपासलं नाही. तिसरा रकाना नसला की न तपासलेलं मूल हळूच 'नाही'मध्ये जाऊन बसतं. तुमच्यातले काही जण पुढे लॅब टेक्निशियन होतील, काही नर्स, काही माझ्यासारखे फॉर्म बनवणारे. जिथे असाल तिथे हा तिसरा रकाना मागून घ्या. आपल्या तालुक्यांबद्दल 'तिकडे असं काही नाही' हे वाक्य ऐकलं, की पुढचा प्रश्न ठरलेला ठेवा: कोणत्या रंगाने बघितलंत?

आणि हो, लेक्टिन ऐकून कोणी कुळीथ खायचं सोडू नका! ही प्रोटीनं कच्च्या कडधान्यात असतात, नीट शिजवली की निकामी होतात. राजमा तर भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळूनच खायचा, अर्धाकच्चा अजिबात नाही. कुळीथ भिजवणं, मोड आणणं, उकळणं हे घरात होतच आलंय. घरातल्या आजीला विचारा, कोणतं कडधान्य किती वेळ शिजवायचं आणि का. उत्तर रेकॉर्ड करून पाठवा, चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवू.

पुढच्या भागात सिकलसेलच्या रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे, ते सविस्तर. तुमच्याकडे रिपोर्ट असेल तर नाव झाकून प्रश्न पाठवा. भाग आवडला तर वर्गाच्या ग्रुपवर टाका, खास करून जिथे डीएमएलटी आणि बीएस्सीवाले आहेत तिथे. भेटू. काळजी घ्या.